सुपडू पडद्यावर दिसला तेव्हा

मुक्या सिनेमाच्या काळातल्या नटनट्यांविषयी चार गमतीदार आठवणी लिहून पाठवा, असं संपादकांचं पत्र आलं आहे. कोणती नटी खरोखर देखणी होती, कोण नुसत्या पावडरीवर उभी होती, कोणता नायक घोड्यावर चढायला स्टूल मागत असे, असलं काहीतरी त्यांना हवं आहे. ज्या माणसाने बारा वर्षं तंबूच्या सिनेमात पडद्याशेजारी उभं राहून बडबड केली, त्याची नटनट्यांशी ऊठबस असणारच, असा त्यांचा समज दिसतो. प्रत्यक्षात मी एकाही नामवंत नटाला जन्मात भेटलो नाही. पडद्यावरच्या माणसांपैकी फक्त एकाला मी ओळखत होतो आणि त्याचं नाव कुठल्याही जाहिरातीत कधी छापून आलं नाही. गमती सांगतो, पण त्या फार वेळ पुरणार नाहीत. लिहायला बसलं की हात त्या एकाकडेच जातो.

आधी धंदा कसा चालायचा ते सांगायला हवं, कारण आताच्या बोलपट पाहणाऱ्या पोरांना ते ठाऊक नाही. आमचा तंबू पश्चिम खानदेशात फिरायचा. नंदुरबार, खांडबारा, नवापूर ही रेल्वेवरची गावं, आणि तापी ओलांडली की शहादं, म्हसावद, तळोदं. तीन बैलगाड्या होत्या. एकीत तंबू, दुसरीत यंत्र आणि तेलाचं इंजिन, तिसरीत आम्ही. मालक सुरतेकडचे शेठ. यंत्र फिरवायचे कासमभाई, आणि बोलायचा मी. चित्रं मुकी असत. मधूनमधून अक्षरांची पाटी येई, ती मी मोठ्याने वाचायचो आणि मग राजाचं, राणीचं, राक्षसाचं बोलणं पदरचं घालून अहिराणीत म्हणायचो. व्हर्नाक्युलर फायनल झालेला होतो म्हणून लोक मला मास्तर म्हणत. शाळेत मात्र मला कोणी घेतलं नव्हतं.

बायका पुरुषांत बसत नसत. म्हणून शेठने पडदा तंबूच्या ऐन मध्ये टांगलेला असे. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. खेळाआधी पडद्यावर पाणी शिंपडायचं, म्हणजे कापड भिजून चित्र आरपार दिसतं. ते काम माझंच. मागून सगळं उलटं दिसायचं, आरशात दिसतं तसं. डावीकडचा माणूस उजवीकडे, अक्षरं तर पार फिरलेली. पण त्या काळी बायकांत वाचता येणारी शंभरात एखादी. अक्षरं मी वाचून दाखवायचो, त्यामुळे एकाही बाईने कधी तक्रार केली नाही. त्यांना ते उलटं आहे हेच माहीत नव्हतं. एकदा सुलट बाजू पाहिलेली असली तर उलटी कळणार ना.

आता लोकांची मतं. नवा खेळ लागला की दुसऱ्या दिवशी बाजारात त्याचीच चर्चा. एका नायकाची मुंबईत म्हणे फार चलती होती. आमच्याकडचा एक म्हातारा शेतकरी त्याला पाहून म्हणाला, "हाऊ काय लढाई करी? याले तं वखर बी धरता येवाव नही." त्या नायकाला मी पुन्हा कधी तलवारीसकट गंभीरपणे पाहू शकलो नाही. एका नटीवर शहरं लट्टू झाली होती. शहाद्याच्या बायका पडद्यामागून बाहेर आल्या त्या हळहळतच. "बाई दिसाले चांगली शे, पन हातमा बांगड्या नहीत. नवरा मरी गया का तिना?" मी समजावलं की ती राजकन्या आहे, लग्न व्हायचंय. तर म्हणाल्या, मग आई कशी तिला मोकळ्या हाताने फिरू देते.

मोलगीला आम्ही एकदाच गेलो. यंत्र माणसांच्या खांद्यावरून डोंगर चढवावं लागलं होतं. तिथल्या भिल्लांची बोली मला अर्धीमुर्धी कळे, म्हणून एक फॉरेस्टचा शिपाई मध्ये घेतला होता. खेळ संपल्यावर मी एका वडीलधाऱ्याला विचारलं, कोण आवडलं? तो विचार करून म्हणाला, माणसं सगळी खोटं रडत होती, घोडा मात्र खरा पळत होता. सिनेमाची याहून चांगली पारख मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही.

माझं काम या सगळ्यांच्या वरताण मत देण्याचं होतं. सकाळी गाडीत ढोलवाला घेऊन गावभर फिरायचं आणि ओरडायचं, नटी चंद्रासारखी, नायक मदनाचा पुतळा. संध्याकाळी लोकांनी टर उडवली की त्यांच्या बाजूने होऊन आपणही उडवायची. कुणाचं नाक, कुणाची मान, कुणाची चाल. रूपाबद्दल बोलायला काही लागत नाही, जीभ असली की पुरे. ती जीभ मी बारा वर्षं मोकळी सोडली होती.

म्हसावदला सुपडू नावाचा तरुण होता. वय असेल बावीस-तेवीस. घरी कापसाची शेती, बाप करारी, आई भागाबाई. तिला सगळं गाव भागामाय म्हणे. तिची आधीची दोन मुलं जन्मल्या जन्मल्या गेली. म्हणून तिसऱ्याला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं. टाकून दिलेला पोरगा, याच्यावर कुणाची नजर पडायला नको, अशी त्यातली समजूत. म्हणून नाव सुपडू. भागामाय आयुष्यभर त्याला चारचौघांत "काया कुट्ट, वंगाय दिसस" असंच म्हणत आली, आणि तो तर अगदी सरळ नाकाचा, मोठ्या डोळ्यांचा. तो डावखुरा होता. बापाने लहानपणी त्या हातावर काठ्या मारमारून उजवा करायचा प्रयत्न केला, पण तो डावाच राहिला.

सुपडूला सिनेमाचं वेड. म्हसावदच्या आठवड्याच्या बाजारी तंबू असला की हा पुढच्या रांगेत. एका बाजारी नवा खेळ झाला होता आणि आम्ही सगळे चहाच्या दुकानासमोर उभे होतो. नवा नायक लोकांना अजिबात पसंत पडला नव्हता. कोणी म्हणे तोंड पपईसारखं, कोणी म्हणे खांदे बाईचे. मीही रंगात आलो. सुपडूच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हाऊ कसाना नायक! यानापेक्षा आपला सुपडू बरा. सुपड्या, तू मुंबईले ऱ्हाता तं त्याले कोन इचारता?" सगळे हसले. सुपडू हसला नाही. त्याने खालमानेने चहा संपवला, कप ठेवला आणि निघून गेला.

आठ दिवसांनी तो घरातून गेला. बापाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. नाच्यांचा धंदा करायचा तर पुन्हा या दाराशी येऊ नको, असं बापाने उंबऱ्यात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं. पुढच्या बाजारी भागामाय तंबूशी आली. मला वाटलं शिव्या घालेल. तिने शिव्या दिल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, तू त्याले चांगलं काबर म्हना? मी बावीस साल म्हनं नही."

दोन-तीन महिन्यांनी माझ्या नावावर नंदुरबारला कार्ड आलं. सुपडूचं. एका सिनेमा कंपनीत गर्दीत उभं राहायचं काम मिळालं आहे, खुशाल आहे, मायला सांगा, बापाला सांगू नका. खाली कंपनीचा पत्ता. मी ते कार्ड भागामायला वाचून दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत मलाच दिलं. घरात ठेवायला जागा नाही म्हणाली. पत्ता तेवढा माझ्याकडे राहिला.

त्यानंतर नवा खेळ आला की ती येणार आणि विचारणार, "यामा शे का मन्हा सुपडू?" मी म्हणायचो, "यात नाही माय, पुढच्यात असेल." ती तरीही तिकीट काढून मागच्या बाजूला बसायची, सगळा खेळ बघायची आणि जायची. असं सात-आठ खेळ झालं. दर वेळी नाही म्हणायचा मला कंटाळा आला, हे खरं कारण. दया आली असं लिहिलं तर ते बरं दिसेल, पण आधी कंटाळा आला होता आणि दया मागाहून.

मग एक राजेरजवाड्यांचा खेळ आला. फार चालला, शेठने तो दोन महिने परत धाडला नाही. त्यात दरबाराचा एक देखावा होता. सिंहासनामागे भालाईत शिपायांची रांग, डाव्या टोकाला एक आडदांड शिपाई, पागोटं डोळ्यांपर्यंत ओढलेलं. तोंड नीट दिसत नव्हतं, म्हणून मी तो निवडला. म्हसावदला खेळाआधी भागामाय आली तेव्हा तिच्या कानाशी म्हणालो, "माय, यामा शे. दरबार ई तव्हय डाव्या हातले शेवटना शिपाई दखजो." तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगबगीने मागे गेली.

खेळ सुटल्यावर ती सगळ्या बायका जाईपर्यंत थांबली. मग माझ्याजवळ आली. मला वाटलं होतं खूश असेल. ती घाबरलेली होती.

"मास्तर, मी त्याले दखं. पन तो सुकी जायेल शे. गालफडं बसी गयात. ताप ये तव्हय एक पायवर भार देस, तसा उभा शे. त्याले बरं नही."

मी म्हणालो, "माय, शिपायाचं सोंग आहे, तसंच उभं राहायला सांगतात."

"नही. मी वळखस. आनि भाला उजवा हाते धरेल व्हता. मन्हा सुपडू उजवा हाते काही धरस का कधी? कोनी तरी मारी मारी त्याना हात बदलाडा. त्याले घर बलाई ले. तुन्हाकडे पत्ता शे. कागद लिखी टाक, माय बलाई ऱ्हायनी, बाप काही म्हनाव नही, मी दखी लिसू. लिखशी ना?"

मी लिहितो म्हणालो.

वाचकांच्या लक्षात एव्हाना आलं असेल. माझ्या नाही आलं. मी दाखवला होता तो आडदांड शिपाई, आणि ही म्हणते सुकला. हिचा मुलगा डावखुरा, आणि ही म्हणते उजव्या हातात भाला. मी मनाशी म्हटलं, बिचारी कुणालाही आपला मुलगा समजते आहे आणि काळजीही त्या परक्या माणसाचीच करते आहे. पडदा मीच भिजवत होतो, मागून सगळं फिरतं हे मला इतर कुणाहून जास्त ठाऊक होतं, आणि नेमकं ते त्या घटकेला आठवलं नाही.

पत्र मी लिहिलं नाही. लिहिणार काय? तुझ्या आईने भलत्याच माणसाला पाहिलं आणि तुला ताप आहे असं ठरवलं? त्याचं उत्तर आलं असतं की मी त्या खेळात नाहीच. ते तिने दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं तर माझी लबाडी उघडी पडली असती. म्हणून राहू दिलं. पुढच्या बाजारी ती शहाद्याला चालत आली. "उत्तर वनं का?" मी म्हणालो, पत्र धाडलं आहे, शूटिंग चाललं असेल. तिसऱ्या बाजारी आली, तेव्हा फडक्यात बांधून डिंकाचे लाडू घेऊन आली होती. ते मी टपालाने धाडावेत असं तिचं म्हणणं. ते लाडू आम्ही तंबूवाल्यांनी खाल्ले. हे लिहायला मला लाज वाटते, पण पाठवले असते तर सोबत चिठ्ठी लिहावी लागली असती.

मग तंबू तापी उतरून खांडबाऱ्याला गेला. त्याच खेळाचं तुटलेलं रीळ दुरुस्त करून कासमभाई ते दिवेलागणीला रिकाम्या तंबूत एकदा चालवून बघत होते. मी मागच्या बाजूला पाण्याचं डबडं घेऊन पडदा शिंपडत होतो. एरवी खेळ सुरू झाल्यावर मी मागे कधीच नसे, पुढे माझ्या जागी असे. दरबार आला. नायकाने तलवार उपसली ती डाव्या हाताने. मी हसलो. नटीच्या गालावरचा तीळ, ज्याच्याबद्दल मी बारा गावांत ओरडलो होतो, तो दुसऱ्या गालावर. आणि मग माझी नजर डाव्या टोकाला गेली.

तिथे आडदांड शिपाई नव्हता. तो या बाजूने पार उजवीकडे गेला होता. डाव्या टोकाला एक सडपातळ माणूस होता. रांगेतल्या सगळ्यांचे भाले डाव्या हातात दिसत होते, त्या एकट्याचा उजव्या.

डबडं टाकून मी पुढे धावलो आणि कासमभाईंना रीळ पुन्हा लावायला सांगितलं. पुढून पाहिलं. उजव्या टोकाला, डाव्या हातात भाला धरून, एका पायावर भार देऊन सुपडू उभा होता. गालफडं बसलेली. दोन महिने रोज संध्याकाळी मी त्याच्यापासून दहा हातांवर उभा राहून बोलत होतो. नायकाच्या नाकापासून घोड्याच्या शेपटीपर्यंत सगळ्याबद्दल माझं मत होतं. रांगेच्या टोकाकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

कासमभाई म्हणाले, "मास्तर, तबियत ठीक है ना?" मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तार नको, तूच जा. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने सुरतेमार्गे मी मुंबईला गेलो.

कंपनीच्या दारावर कोणाला सुपडू हे नावच माहीत नव्हतं. शेवटी एक कोकणातला माणूस भेटला, तोही गर्दीत उभा राहणारा. "खानदेशी ना? डावखुरा?" त्याने मला एका बोळातल्या खोलीवर नेलं. पाच जण राहत होते तिथे. त्याने वळकटीमागून एक गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं आणि मग सांगितलं. छातीचं दुखणं होतं. आधी अंगावर काढलं, मग दवाखान्यात ठेवलं. गेला त्याला पंधरा दिवस झाले. अग्नी या खोलीतल्यांनीच दिला.

"घरी का नाही पाठवलंत?" मी विचारलं. माझ्या आवाजात राग होता, त्याला काय अर्थ होता कोण जाणे.

"लाख सांगितलं हो. म्हणायचा, बापाने दाराबाहेर काढलंय, आपणहून कसा जाऊ. घरून कुणी दोन ओळी लिहून बोलावलं तर उद्या निघतो. कळवायला घरचा पत्ता मागितला तर तोही देईना. तुम्हीच आहात का ते मास्तर? तुमचं नाव घ्यायचा. मास्तर म्हणाले म्हणून आलो, म्हणायचा."

भागामायने पत्र लिहायला सांगितलं त्या दिवशी तो जिवंत होता. त्यानंतर तो दीड महिना जगला. मी हा हिशोब त्या खोलीत बसून केला आणि पुढे आयुष्यभर करत आलो. फोटो आहे का, म्हणून विचारलं. नव्हता. जरा गालावर मांस आलं की काढायचा, असं ठरवलं होतं त्याने.

म्हसावदला गेलो तेव्हा त्याचा बाप ओट्यावर दोर वळत बसला होता. मी गाठोडं खाली ठेवलं. ते पाहूनच भागामाय दारात बसली. मी सांगितलं, कसं सांगितलं ते आठवत नाही. बापाचे हात वळता वळता थांबले. त्याने विचारलं, "त्याना फोटू शे का?"

"नही. सिनेमामा शे."

तिसऱ्या दिवशी त्याने गाडी जुंपली. आमचा तंबू तोवर नंदुरबारला आला होता, आणि रीळ सुरतेला परत जायची वेळ होऊन गेली होती. शेठ तसे काटेकोर. पण त्यांनी चित्रं भाड्याने देणाऱ्या सुरतेच्या कचेरीला तार केली की गाडी तापीच्या वाळूत रुतली आहे, एक दिवस उशीर होईल. आणि त्या संध्याकाळी तिकीटघर उघडलंच नाही.

नवराबायको दोघंच तंबूत आली. मी म्हणालो, आज कोणी नाही, माय, तुम्ही दोघं पुढेच बसा. भागामाय ऐकेना. मी त्याला मागूनच पाहिलं आहे, मागूनच पाहीन, म्हणाली. म्हणून बाप पुढे एकटा बसला आणि ती पडद्यामागे एकटी. मी माझ्या नेहमीच्या जागेवर उभा राहिलो. कासमभाईंनी फक्त दरबाराचं रीळ लावलं. त्या देखाव्यात मी महाराजांचं लांबलचक भाषण म्हणत असे. त्या दिवशी ते म्हटलं नाही, नुसता यंत्राचा आवाज येत राहिला.

मी बापाजवळ वाकून म्हणालो, "उजव्या टोकाला बघा."

"ती तं डावा म्हनी."

"तिकडून डावा दिसतो. इकडून उजवा."

त्याने पाहिलं. देखावा फार तर वीस अंक मोजेपर्यंत टिकतो, आणि रीळ मध्येच थांबवता येत नाही, थांबवलं की पेटतं. संपल्यावर त्याने पुन्हा लावायला सांगितलं. कासमभाईंनी पुन्हा गुंडाळून लावलं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी पडद्यामागून भागामायचा आवाज आला, "दिखना का?"

"दिखना," बाप म्हणाला.

"सुकेल शे ना?"

"हा. सुकेल शे." मग तो म्हणाला, "भाला डावा हातेच धरेल शे."

तिला तो हात उजवाच दिसत असणार, पण तिने वाद घातला नाही.

यंत्र बंद झाल्यावर ती पडद्याला वळसा घालून पुढे आली. डोळे कोरडे होते. गाठोडं तिने सोबत आणलं होतं, अजून सोडलेलं नव्हतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "मास्तर, तुन्हा कागद त्याले भेटना व्हता ना?"

बापही वळून माझ्याकडे बघायला लागला. कासमभाईंनी मान खाली घातली. त्यांना सगळं माहीत होतं.

"भेटना व्हता, माय," मी म्हणालो.

"मंग? काय म्हना तो?"

"निंघनाच व्हता. गाठोडं बांधेल व्हतं."

तिने हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आयकं का तुम्हीन? बलावं तं येवालेच व्हता तो. त्याले माहीत व्हतं, घर बलाई ऱ्हायनं." आणि तेव्हा ती रडायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बाप उठला. पागोटं काढून काखेत धरलं आणि माझ्यापुढे हात जोडले. "मन्हा तोंडथीन निंघनं नही ते तू लिखं, मास्तर. तुन्हा उपकार."

मी त्याला नको म्हणालो नाही. ते जोडलेले हात तसेच घेतले. दोघंही आता या जगात नाहीत, म्हणून हे आज लिहितो आहे.